सर्व्हरचा परवाना: पातेल्याचं भाडं, पानाचं भाडं

एक काळ असा होता की सॉफ्टवेअर सहसा वेगळं विकत घ्यावं लागत नसे. आयबीएम ही अमेरिकी कंपनी खोलीभर मावणारे संगणक द्यायची आणि ते चालवणारे प्रोग्राम त्याच पैशांत यायचे. १९६९ साली सरकारनं तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी कंपनीनं यंत्र आणि प्रोग्राम यांची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं.

पुढे छोटे संगणक आले. हौशी लोक एकमेकांना प्रोग्रामच्या नकला वाटू लागले. फेब्रुवारी १९७६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सनी अशा हौशी लोकांना खुलं पत्र लिहिलं: यंत्राचे पैसे देता, मग आमच्या मेहनतीचे का नाही? कष्टाचा मोबदला मागण्यात गैर काही नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मोबदला मोजायचा कसा, इथं खरी गोम आहे.

आमच्या प्रभाग संघाच्या कार्यालयात पाच संगणक आहेत. सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा मधला संगणक, म्हणजे सर्व्हर, घ्यायचं चाललंय. कोटेशनमध्ये यंत्राखाली दोन ओळी होत्या: सर्व्हरचा परवाना आणि वापराचे परवाने. आपल्यातले काही गट लग्नाची भांडी भाड्यानं देतात. समजा पातेल्याचं भाडं वेगळं घेतलं आणि पंगतीतल्या प्रत्येक पानाचं वेगळं, तर कसं होईल? विंडोज सर्व्हरचं साधारण तसंच आहे. पान मोजायच्या रीती दोन, माणसामागे किंवा यंत्रामागे. आमच्याकडे पाच संगणकांवर सकाळ-दुपार मिळून नऊ जणी बसतात. माणसामागे घेतले तर नऊ परवाने, यंत्रामागे घेतले तर पाच. उलट एकच बाई कार्यालयातला संगणक, लॅपटॉप आणि मोबाईल तिन्ही वापरत असेल, तर माणसामागे परवाना परवडतो. हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

दुसरी वाटही तेव्हाच फुटली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलं की वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक असलेली प्रणाली बनवायची. १९८९ मध्ये त्यांनी ती मोकळीक कायद्याच्या भाषेत बांधणारा परवाना काढला. म्हणजे परवाना इथंही आहेच, फक्त तो अडवायला नाही, वाटायला आहे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते या परवान्याखाली आणलं. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी साम्बा लिहिलं. त्यामुळे टेबलावरचे संगणक विंडोजचे असले तरी फायली लिनक्सच्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि पानं कुणी मोजत नाही. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात.

पण फुकट परवाना म्हणजे फुकट सर्व्हर नव्हे. बसवणाऱ्याची मजुरी, रोजची दुसरी प्रत ठेवायची डिस्क, बिघाड झाला तर तालुक्याहून येणारा माणूस, हे पैसे द्यावेच लागतात. आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्या सर्व्हरशी जुळतं का, हेही आधी चालवून दाखवायला सांगायचं. आणि दुरुस्तीला कोण, किती दिवसांत येणार, ते कोटेशनवरच लिहून घ्यायचं, सही-शिक्क्यासकट.