ऑनलाईन पोकर टूर्नामेंट: नवख्या खेळाडूचं पहिल्या तीन तासांत नेमकं काय होतं?

चिखलीहून खामगावच्या रस्त्याला निघालं की अमडापूर लागतं. पोळा जवळ आला की विदर्भातल्या बऱ्याच गावांत पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. कुठे मेंढीकोट, कुठे रमी, कुठे तीन पत्ती. मागोमाग पोलिसांच्या धाडींच्या बातम्याही येतात. मधल्या काही वर्षांत हा कॅट मोबाईलमध्ये शिरला आणि त्यासोबत एक नवा खेळ गावागावात पोचला. तो म्हणजे पोकर.

ऑगस्ट २०२५ पर्यंत पोकरच्या जाहिराती क्रिकेट बघतानाही दिसायच्या. शंभर रुपये भरा, लाखाची टूर्नामेंट खेळा, असा एकूण सूर. आता पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेम्सवर देशभर बंदी आहे. तरी फुकटच्या चिप्सवर टूर्नामेंट चालतातच आणि परदेशी साइट्सच्या लिंक टेलिग्रामवर फिरतात. म्हणून आत गेलेल्या नवख्या माणसाचं काय होतं, हे समजून घेतलेलं बरं.

समजा, अमडापूरचा एखादा पोरगा पहिल्यांदा टूर्नामेंटला बसला. तीन पत्ती त्याला लहानपणापासून येते. पहिली ठेच तिथेच लागते.

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये बरोबर उलटं, कलर सिक्वेन्सला मारतो. कारण साधं आहे. तीन पत्त्यांत सिक्वेन्स लागणं कलरपेक्षा अवघड असतं, पाच पत्त्यांत कलर लागणं जास्त अवघड होतं. जे दुर्मीळ, ते मोठं. हे माहीत नसलं की पोरगा सिक्वेन्स घेऊन छाती फुगवून बसतो आणि समोरचा पाच बदाम दाखवून चिप्स ओढून नेतो.

बाकी खेळ असा. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून मिळतात. टेबलावर पाच पत्ते उघडे होतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. या सातांतले उत्तम पाच धरायचे. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. पत्ते पटले नाहीत तर टाकून द्यायचे, याला फोल्ड म्हणतात.

नवख्याला हा फोल्डच जमत नाही. आता बसलोय तर खेळूच, असं वाटतं. इस्पिकचा गुलाम आणि चौकटची चौकी आली तरी तो पैसे टाकतो. मुरलेला खेळाडू मात्र भरलेल्या टेबलावर चारातले तीन किंवा त्याहून जास्त हात सोडून देतो. चांगले पत्ते येतातच कमी. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. म्हणजे टूर्नामेंटचा बराचसा वेळ नुसतं बसून बघण्यात जातो. जाहिरातीत हे कधी दिसलं नाही.

आता टूर्नामेंटचं गणित. सुरुवातीला समजा प्रत्येकाला १०,००० चिप्स मिळाल्या. दर हाताला दोन खेळाडूंना आळीपाळीने सक्तीची रक्कम टाकावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. सुरुवातीला ती ५० आणि १०० असते, म्हणजे खिशात भरपूर माल. पण दर आठ-दहा मिनिटांनी ब्लाइंड वाढत जातात. तासा-दीड तासात ५०० आणि १,००० वर आल्या की तेच १०,००० तुटपुंजे वाटायला लागतात. काही चूक न करता माणूस गरीब होतो. मग ‘ऑल इन’ करण्यावाचून पर्याय उरत नाही.

आणि ऑल इनमध्ये नशीब थेट समोर येऊन बसतं. हातात एक्क्यांची जोडी, समोर बादशहांची जोडी, तरी एक्केवाला जिंकतो साधारण ८२ टक्के वेळा. पाच वेळा सलग असा भारी डाव पडला, तर पाचही जिंकायची शक्यता जेमतेम ३७ टक्के. नवख्याला वाटतं, ॲपवाल्यांनीच फसवलं. बहुतेक वेळा तसं नसतं, गणितच तसं असतं.

त्यात मोबाईलचे वेगळे ताप. रेंज गेली, लाईट गेली, वायफाय बसलं तर खेळ कुणासाठी थांबत नाही. ठरलेले सेकंद संपले की पत्ते आपोआप फोल्ड होतात आणि ब्लाइंड कापली जातात ती वेगळीच.

पैसे कुणाला मिळतात? उदाहरणच घ्या. हजार जणांनी प्रत्येकी ११० रुपये भरले. १०० रुपये बक्षिसाला, १० रुपये कंपनीला. बक्षिसाचे झाले एक लाख. साधारण १० ते १५ टक्के खेळाडूंना बक्षीस देण्याची पद्धत आहे, म्हणजे १५० जण धरा. बाकी ८५० जण रिकाम्या हाताने घरी. त्या १५० मधल्या शेवटच्यांना तीन तास बसून दीडशे-दोनशे रुपये मिळतात. मोठी रक्कम वरच्या मोजक्या जणांत जाते. कुणीही जिंको, कंपनीचे दहा हजार पक्के.

बाहेर पडल्याबरोबर स्क्रीनवर ‘री-एन्ट्री’ येते. पुन्हा ११० भरा, पुन्हा बसा. खरा खड्डा हाच. नुकतीच हार झालेली असते, डोकं तापलेलं असतं आणि यूपीआयला दोन सेकंद लागतात. ११० चे ३३० कधी झाले कळत नाही. सोयाबीनचे पैसे नुकतेच खात्यावर आले असतील तर आकडा तिथेही थांबत नाही.

मग लोक जातात कशाला? त्यामागे एक खरी गोष्ट आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकेतल्या अकाउंटंटने ८६ डॉलरची ऑनलाईन पात्रता टूर्नामेंट जिंकली. आडनाव खरंच मनीमेकर! त्यातून त्याला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेची १०,००० डॉलरची जागा मिळाली आणि तिथे त्याने २५ लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, २००६ मध्ये ८,७७३ झाले. बाकीच्या हजारोंना काय मिळालं, हे कुणी लक्षात ठेवलं नाही.

आपल्याकडे कोर्टातही पोकरवर एकमत नव्हतं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच म्हटलं होतं. पोकरला मात्र गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये जुगारात धरलं, तर इतर काही हायकोर्टांनी कौशल्याच्या बाजूने कौल दिला.

केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. २१ ऑगस्टला संसदेची मंजुरी पूर्ण झाली, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाईन खेळ चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला यात शिक्षा नाही, सरकार त्याला पीडित मानतं. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक मिळून जवळपास २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. पोकरबाझीसारख्या ॲप्सनी पैशांचे खेळ थांबवले. कंपन्या कोर्टात गेल्या, हायकोर्टांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या.

फुकटच्या चिप्सवर खेळायला हरकत नाही. नियम शिकायला ते पुरेसं आहे, फक्त खेळ तसा होत नाही. गमवायचं काही नसल्यामुळे लोक पहिल्याच हाताला ऑल इन करतात आणि फोल्डची सवय लागतच नाही.

परदेशी साइटचं मात्र वेगळं आहे. तिथे पैसे भरताना अडचण येत नाही, काढताना येते. पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार, कंपनी आपल्या कायद्याच्या हाताबाहेर असते. अशी फसवणूक झाली तर सायबर हेल्पलाईन १९३० वर लगेच फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आणि घरातलं कुणी री-एन्ट्रीचं बटण सोडतच नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.