वीज, वास आणि हाडाची जखम

वीज कडाडून गेली की हवेत एक तिखट वास रेंगाळतो. १८३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं ख्रिश्चन शोनबाइन हे रसायनशास्त्रज्ञ पाण्यातून वीज सोडत होते. तोच वास त्यांना आला. ‘वास येणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या वायूला नाव दिलं, ओझोन. पुढं १९०६ पासून फ्रान्समधल्या नीस शहराचं पिण्याचं पाणी ओझोननं शुद्ध होऊ लागलं.

पाणी शुद्ध करणारा वायू जखम का धुणार नाही? पहिल्या महायुद्धात जर्मन डॉक्टरांनी जखमांवर ओझोन वापरून पाहिला. त्याच काळात डेकिन आणि कॅरल यांनी सैनिकांच्या जखमा सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणानं सतत धुण्याची पद्धत आणली. नंतर पेनिसिलिन आलं आणि धुण्याचं महत्त्व मागं पडलं.

पण मोडलेल्या हाडात सळ्या-पट्ट्या बसू लागल्या, कृत्रिम सांधे आले आणि जंतूंना नवं घर मिळालं. रांजणाच्या आत बुळबुळीत थर धरतो ना, तसाच थर ते धातूवर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. लेव्हेनहुकनं सतराव्या शतकात दातांवरच्या किटणात असे जंतू पाहिले होते. पण असं चिकटून राहणं हीच जंतूंची नेहमीची रीत आहे, हे १९७८ मध्ये बिल कॉस्टरटन यांनी ठासून मांडलं. या थराआडच्या जंतूंना प्रतिजैविकांची नेहमीची मात्रा पुरत नाही. म्हणून जखम सुकते आणि पुन्हा वाहते.

इथं ओझोनयुक्त पाणी पुन्हा आठवलं. ओझोन जंतूचं कवचच जाळतो. प्रयोगशाळेत त्यानं जंतू मरतातही. पण तो पाण्यात फार वेळ टिकत नाही, म्हणून जागेवरच तयार करावा लागतो. शिवाय थरातला चिकट पदार्थ आणि रक्तच त्याला खर्ची घालतात. श्वासावाटे गेला तर फुप्फुसांना इजा करतो, ती वेगळीच.

तेव्हा ‘ओझोननं हमखास बरं’ अशी जाहिरात दिसली तर जरा थांबा. पायात सळई असलेल्या माणसाचा वाया गेलेला महिना कधी कधी हाडाच्या मोलाचा असतो. सडलेला भाग खरवडून काढणं, गरज पडल्यास सळई बदलणं आणि जंतू ओळखून कित्येक आठवडे औषध देणं, हाच आजही मुख्य उपचार आहे. पाणी कोणतंही असो, ते शस्त्रक्रियेच्या हाताखाली काम करतं. तिची जागा घेत नाही.