अंगठ्याखालचा उंचवटा बसका झालाय? स्नायूची सोनोग्राफी नसेबद्दल काय सांगते, समजून घ्या

शर्टाचं बटण लावताना अंगठा साथ देत नाही. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. 'झोपेत हात अवघडला असेल' म्हणून बहुतेक जण हे सोडून देतात. मग कधीतरी दोन्ही तळवे शेजारी धरल्यावर लक्षात येतं, की अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा एका हाताला भरलेला आहे आणि दुसऱ्या हाताला बसलाय.

तो उंचवटा म्हणजे स्नायू. तो झिजला असेल तर आजार मुंग्यांच्या बराच पुढे गेलेला असू शकतो. किती पुढे, याचा अंदाज घ्यायला आता त्या स्नायूचीच सोनोग्राफी केली जाते. यात सुई नसते, शॉक नसतो. त्वचेवर थोडं जेल लावून प्रोब फिरवला जातो.

नस बिघडली, मग स्नायू का पाहायचा?

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे गोंधळ होतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजेच मेंदूचा आदेश स्नायूपर्यंत नेणारी तार.

हाताच्या पंजातले छोटे स्नायू मुख्यतः दोन नसांवर चालतात. मीडियन नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुबंधांसोबत दाटीवाटीने जाते आणि अंगठ्याच्या बुडाचे बरेचसे स्नायू सांभाळते. या बोगद्यात ती दाबली गेली की होतो तो कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह, थायरॉइडचा त्रास आणि गरोदरपण यांत तो जास्त दिसतो. दुसरी अल्नर नस. कोपर कशावर तरी आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या हिच्यामुळे. बोटांच्या मधले आणि करंगळीखालचे स्नायू हिच्या ताब्यात असतात.

आदेश येणं थांबलं की स्नायू आधी रोडावतो. पुढे त्याच्या तंतूंची जागा चरबी आणि चिवट तंतुमय ऊती घेतात. निरोगी स्नायू सोनोग्राफीच्या पडद्यावर काळपट दिसतो आणि त्यात बारीक पांढऱ्या रेषा असतात. चरबी आणि तंतुमय भाग वाढला की ध्वनिलहरी जास्त प्रमाणात परत फिरतात आणि स्नायू पांढुरका दिसू लागतो. फार बिघडलेल्या स्नायूत लहरी खालपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे हाडाची ठळक रेषाही पुसट होते. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये जॉन हेकमॅट आणि व्हिक्टर डुबोविट्झ यांनी १९८०च्या सुमारास स्नायूंच्या आजारांच्या मुलांमध्ये हे बदल टिपले. १९८२ साली मांडलेली हेकमॅट यांची चार पायऱ्यांची श्रेणी आजही वापरात आहे.

कोणता स्नायू पांढरा झालाय, यावरून दोषी नस शोधता येते. फक्त अंगठ्याच्या बुडाचा असेल तर संशय मीडियनवर. करंगळीखालचा आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला असेल तर अल्नरवर. सगळेच बिघडले असतील तर नजर मानेकडे वळवावी लागते. स्नायू आतल्या आत फडफडतानाही पडद्यावर दिसतो. मोटर न्यूरॉनसारखा गंभीर आजार तपासताना ही खूण महत्त्वाची ठरते.

मग एनसीव्ही, ईएमजी नको का?

हव्यात. नसेतून संदेश कसा जातोय हे एनसीव्ही सांगते. स्नायूची विद्युत हालचाल ईएमजीची सुई टिपते. पण काच लागून मनगट कापलं गेलं असेल, तर सुरुवातीच्या काळात नस पूर्ण तुटली आहे की नुसती जबर दुखावली आहे, हे या चाचण्या सांगू शकत नाहीत. सोनोग्राफीत तुटलेली टोकं दिसू शकतात. पांढरेपणा दिसायला मात्र काही आठवडे जावे लागतात. म्हणजे ताज्या जखमेत नस पाहायची आणि जुन्या त्रासात नस व स्नायू दोन्ही.

घाई कशाची?

नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे एक इंच. कोपराजवळ तुटलेली अल्नर नस जोडली तरी पंजातल्या स्नायूंपर्यंत तीस सेंटिमीटरचा प्रवास धरला, तर दहा महिने लागतात. आणि आदेशाविना स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षच तग धरतो. म्हणून काही वेळा सर्जन मनगटाजवळच्या दुसऱ्या स्नायूची नस अल्नरला जोडून वाट कमी करतात. स्नायूत जीव किती उरलाय, हे अशा निर्णयात कामी येतं. कार्पल टनेलमध्येही तेच. उशिरा केलेल्या ऑपरेशनने मुंग्या थांबतात, पण गेलेला उंचवटा परत येईलच असं नाही.

चित्रावर किती विसंबायचं?

डोळे झाकून नाही. प्रोब थोडा तिरका झाला किंवा मशीनची सेटिंग बदलली तरी तोच स्नायू वेगळा दिसतो. वयानुसारही स्नायू पांढुरका होतो. म्हणून दोन्ही हातांची, एकाच मशीनवर, एकाच सेटिंगवर तुलना केली जाते. एकच बाजू पाहिलेला रिपोर्ट अर्धवटच समजावा.

भारतात आणखी एक अडचण आहे. लिंगनिवड रोखण्यासाठी केलेल्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, मग ते हाताच्या स्नायूंसाठी का असेना. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टच्या टेबलावर ते सहज दिसत नाही. रुग्णाला बहुधा रेडिओलॉजिस्टकडे पाठवलं जातं, आणि चिठ्ठीवर फक्त 'मनगटाची सोनोग्राफी' लिहिलेलं असेल तर तिथे नस मोजून काम संपू शकतं. उंचवटा बसलेला दिसत असेल, तर 'अंगठ्याच्या बुडाचे स्नायूही, दोन्ही हातांचे' एवढं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.