मोजणी करणारा कॅमेरा

सप्टेंबर १८५८. जर्मनीतल्या वेत्सलार गावच्या कॅथेड्रलची मापे घेण्याचे सरकारी काम अल्ब्रेख्ट मायडनबाउअर या चोवीस वर्षांच्या वास्तुविशारदाकडे आले होते. परांचीचा खर्च वाचवायचा म्हणून तो दोरीला टांगलेल्या टोपलीत बसून भिंतीलगत वरखाली होत असे. एका संध्याकाळी टोपलीतून उंचावरच्या खिडकीत पाय टाकताना त्याचा तोल गेला. उजव्या हाताने त्याने खिडकी धरली, डाव्या पायाने टोपली मागे लोटली आणि त्या झटक्यासरशी अंग आत ओढून घेतले. जीव वाचला. खाली उतरता उतरता त्याच्या मनात आले, की ही मापे फोटोवरून का घेऊ नयेत?

प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र नव्हते. फोटो सपाट, इमारत भरीव. कॅमेऱ्यात येणारे किरण भिंगाच्या मध्यबिंदूतून जातात असे धरले, तर फोटोच्या काचेवरचा प्रत्येक ठिपका बाहेरची एक दिशा तेवढी सांगतो. ती वस्तू किती दूर आहे, हे तो सांगत नाही. दहा फुटांवरची लहान कमान आणि शंभर फुटांवरची दसपट मोठी कमान फोटोत सारखीच दिसते. प्रतिमा घडते तेव्हा अंतर हरवते.

दिशा कळते हेही थोडके नाही, हे नकाशे काढणाऱ्यांना आधीच उमगले होते. १६२० साली इंग्रज मुत्सद्दी सर हेन्री वॉटनने लिंझला खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लरच्या घरी एक सुरेख निसर्गचित्र पाहिले. ते कसे काढले, हे केप्लरने त्याला समजावून सांगितले. माळावर काळा तंबू उभारायचा, त्याला छिद्र पाडून भिंग लावलेली नळी बसवायची, आत कागदावर उमटलेली प्रतिमा कलमाने गिरवायची आणि तंबू थोडा थोडा फिरवत सारा परिसर उतरवून घ्यायचा. प्रदेशांचे नकाशे काढायला ही युक्ती फार उपयोगी पडेल, असे वॉटनने तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनला पत्रातून कळवले. तेव्हा प्रतिमा धरून ठेवणारी काच नव्हती, हाताने गिरवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हरवलेले अंतर परत मिळवण्याचा मार्ग मोजणीदारांच्या रोजच्या कामातच होता. तीच कमान दुसऱ्या जागेवरूनही टिपायची, त्या दोन जागांमधले अंतर जमिनीवर मोजून ठेवायचे आणि दोन्ही फोटोंतल्या दिशा कागदावर वाढवायच्या. त्या जिथे छेदतात, तिथे कमान. फ्रेंच लष्करी अभियंता एमे लोसदा यानेही हेच सूत्र धरले होते आणि १८६१ मध्ये व्हर्सायजवळच्या ब्युक गावाचा नकाशा त्याने फोटोंवरून तयार केला. श्रेय द्यायचे तर मायडनबाउअर आणि लोसदा या दोघांनाही द्यायला हवे.

पण त्या काळचा कॅमेरा चेहरे टिपण्यासाठी घडवलेला होता, मापांसाठी नव्हे. मायडनबाउअरची खरी कामगिरी इथे दिसते. भिंगापासून काचेपर्यंतचे अंतर त्याने कायमचे पक्के केले, कारण ते बदलले की सगळे गणित बदलते. काचेसमोर उभ्या-आडव्या तारा बसवल्या, म्हणजे चित्राचा मध्य प्रत्येक फोटोवर आपोआप उमटे. तिवईला स्क्रू लावून कॅमेरा अगदी समपातळीत आणण्याची सोय केली. भिंग निवडले ते रॅथेनोच्या बुश कारखान्यातले, रुंद दृश्य घेऊनही सरळ रेषांना बाक न आणणारे. १८६७ मध्ये फ्रायबुर्ग गावात त्याने या यंत्राची चाचणी घेतली.

त्यानंतर अठरा वर्षे सरकारदरबारी खेटे घालण्यात गेली. १८८५ मध्ये बर्लिनला प्रशियाची छायामापन (म्हणजे फोटोंवरून मापे घेणारी) संस्था उभी राहिली. मायडनबाउअरचा हेतू स्पष्ट होता: एखादी वास्तू उद्या नष्ट झाली, तरी तिची मापे काचेवर शिल्लक राहावीत. १९२० पर्यंत संस्थेकडे सुमारे १,२०० इमारतींच्या २०,००० च्या आसपास काचा जमल्या, त्यांतल्या कित्येक ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या. या संग्रहाचे मोल दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिले. बॉम्बहल्ल्यांनंतरच्या जर्मनीत वास्तूंच्या पुनर्उभारणीसाठी हे फोटो पुन्हा बाहेर काढावे लागले.

अफगाणिस्तानातल्या बामियानची गोष्ट अजून ताजी आहे. पन्नास मीटरांहून उंच असलेली तिथली बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंगांनी उडवण्यात आली. रॉबर्ट कोस्टका या ऑस्ट्रियन मोजणीतज्ज्ञाने १९७० मध्ये मापनाच्या कॅमेऱ्याने तिचे फोटो घेऊन ठेवले होते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या गटाने त्यांवरून संगणकात त्या मूर्तीची त्रिमितीय प्रतिकृती रचली. नुसते सुंदर फोटो असते, तर इतके अचूक काम झाले नसते.

आज हे गणित संगणक करतो आणि त्याला खिशातल्या मोबाइलचे फोटोही चालतात. तेव्हा आपल्या गावातला जुना वाडा, वेस किंवा बारव पडण्याआधी एक दुपार काढा. भोवती फिरत, झूम न बदलता, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराचसा भाग येईल असे पुष्कळ फोटो घ्या. कुठेतरी मीटरची पट्टी उभी करून ठेवा. ती नसेल, तर आकार मिळेल, माप मिळणार नाही.