अंगणातली चित्रशाळा
मुलांसाठी घरात कलेचा कोपरा हवा, ही कल्पना नवी मानली जाते. पण मराठी घरांत ती जागा अंगणात होतीच. दिवाळीत मुलं दगडविटा रचत, त्यावर पोतं टाकून चिखल लिंपत, अळीव-मोहरी पेरून किल्ला हिरवा करत. हा खेळ, कला नव्हे, असं कोणी म्हणेल. पण बुरुजाचं माप नजरेनंच धरावं लागे. खरा आक्षेप वेगळा: किल्ला चार दिवसांचा, आणि रोजची रांगोळी मुलींच्या वाट्याला, तीही कामात मोजलेली. हे मान्यच. तरी सारवलेल्या जमिनीला डागाची धास्ती नव्हती. आणि विकतच्या रंगांवाचून काही अडत नव्हतं: १९३१ साली मुंबईत सुरू झालेली कॅम्लिन ही रंगांची कंपनीसुद्धा आधी शाईच करायची, रंगपेट्या नंतरच्या. चाळीत अंगण नव्हतं, तेव्हा किल्ला सामाईक चौकात सरकला.