लिथियम : गर्भाच्या नेत्रविकासावरील परिणाम

उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या बायपोलर विकारावर लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या देतात. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी लिथियमचा हा उपयोग १९४९ मध्ये मांडला. पण लिथियमने भ्रूणाची घडण बिघडते, हे कुर्ट हेर्ब्स्ट यांनी सी-अर्चिनच्या अंड्यांवर १८९२ मध्येच दाखवले होते.

बेडकाच्या भ्रूणात सगळे वेळेवरून ठरते. पहिल्या काही पेशीविभाजनांच्या सुमारास लिथियम दिले तर डोके वाजवीपेक्षा वाढते, धड-शेपूट खुंटते आणि कधी डोळ्याचे काळे रंगद्रव्य डोक्याभोवती कड्यासारखे पसरते. तेच द्रावण काही तासांनी, ब्लास्टुला (पेशींचा पोकळ गोळा) अवस्थेच्या मध्यानंतर दिले तर उलटे घडते : डोक्याचा पुढचा भाग खुरटतो, डोळे लहान राहतात किंवा येतच नाहीत. लिथियम जीएसके-३ हे विकर रोखते, त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साचते आणि विंट हा पेशींमधला संदेश आल्यासारख्या पेशी वागू लागतात. हा संदेश आधी पाठीकडची बाजू ठरवतो. नंतर मात्र मागच्या भागाची ओळख देतो. डोळा मेंदूच्या अगदी पुढच्या पट्टीतून उगवतो आणि तिथे या संदेशाला आवर लागतो. झेब्राफिशमध्ये अॅक्सिन जनुकाच्या बिघाडाने तो आवर सुटला की पिल्ले डोळ्यांविना जन्मतात.

 

हे निष्कर्ष जसेच्या तसे गरोदर स्त्रीला लावणे चूक, किंबहुना घातक ठरेल. बेडकाच्या भ्रूणाला काही मिनिटे ३०० मिलिमोलपर्यंत द्रावण देतात. रुग्णाच्या रक्तात प्रतिलिटर सुमारे ०.६ ते १ मिलिमोल असते. माणसात डोळ्यांच्या व्यंगाशी संबंध सिद्ध नाही. पहिल्या तिमाहीत हृदयाच्या व्यंगाचा धोका थोडा वाढतो, मात्रेबरोबर तो चढतो. डोळ्याची खोबण मात्र गर्भधारणेनंतर २२व्या दिवसाच्या सुमारास, अनेकींना दिवस गेल्याचे कळण्याआधीच, उमटलेली असते. म्हणून बिलोलीसारख्या गावी, जिथून मनोविकारतज्ज्ञासाठी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावे लागू शकते, मूल हवे असल्याची गोष्ट आशाताईच्या (गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या) आणि डॉक्टरांच्या कानावर आधीच घालणे मोलाचे. गोळी मनानेच एकाएकी बंद केल्यास आजार उसळतो. गरोदरपणी मूत्रपिंडे लिथियम जास्त बाहेर टाकतात, त्यामुळे पातळी घसरते. उलट्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर ती विषबाधा होण्याइतकी चढू शकते. रक्ततपासणी म्हणूनच वारंवार लागते.