मुंबईचे गोलंदाज

गोलंदाज म्हटले की आज आपणांस क्रिकेट आठवते. पूर्वी तोफ डागणाऱ्या शिपायास गोलंदाज म्हणत. आम्हां मानपाडेकरांच्या शेजारचा ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ साली घेतला, तो तोफांच्याच बळावर. पुढे २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबई इलाख्याच्या सैन्यात एतद्देशीय गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. १८५७ नंतर सरकारचा विश्वास उडाला आणि हिंदी शिपायांच्या हातच्या बहुतेक तोफा काढून घेतल्या गेल्या. काही पहाडी तुकड्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्या तोफा सुट्या करून खेचरांवर लादीत. मुंबईची ही तुकडी त्यांतच टिकली. ती साम्राज्यासाठी लढली, हे खरे. तरी स्वतंत्र भारताचा तोफखाना तिचाच जन्मदिवस आपला दिन म्हणून पाळतो. ज्या हातांचे परक्या सरकारला भय वाटले, त्याच हातांनी जपलेली विद्या देशाच्या कामी आली, हे आपण विसरू नये.